गाळा कोणाच्या नावावर? अंबडमधील एका स्थलांतरित उद्योजकाचे प्रकरण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका भूखंडाच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे. तिचे चार गाळे पाडलेले होते आणि तिसऱ्या गाळ्यात एक जुना कॅपस्टन लेथ (धातूचे भाग कातण्याचे यंत्र), एक बेंच ड्रिल आणि एक ग्राइंडर एवढ्या सामग्रीवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम, चालत असे. हे काम करणारे गृहस्थ मूळचे उत्तर प्रदेशातील देवरिया जिल्ह्याचे. २००४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते नाशिकला आले, बारा वर्षे निरनिराळ्या ठेकेदारांच्या हाताखाली मशीन चालवले आणि २०१६ साली साठवलेले पैसे व भिशीची उचल एकत्र करून त्यांनी हा लेथ सेकंडहँड घेतला. जून २०२३ मध्ये आमच्या संस्थेने स्थलांतरित लघुउद्योजकांसाठी जो साहाय्य कार्यक्रम सुरू केला, त्याच्या पहिल्या तुकडीत त्यांचे नाव होते. पाचव्या दिवसानंतर ते येईनासे झाले.

त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे प्रकरण मी येथे मांडते आहे. कार्यक्रमाचा पहिला आराखडा मीच केला होता, त्यामुळे त्यातील चुकांची जबाबदारीही माझ्याकडे येते.

पहिला आराखडा

आराखडा बारा दिवसांचा होता. सकाळी अकरा ते सायंकाळी पाच वर्ग, मराठीतून व्याख्याने, दुसऱ्या दिवशी बलस्थाने व उणिवांचा तक्ता, सहाव्या दिवशी बाजारपेठ पाहणी, शेवटी सत्तावीस पानांचा प्रकल्प अहवाल आणि प्रमाणपत्र असा त्याचा क्रम होता. पत्रकावर ठळक अक्षरांत ‘शासकीय अनुदानासाठी मार्गदर्शन’ असे छापले होते. एकतीस जणांनी नावे दिली. शेवटच्या दिवशी नऊ जण होते आणि त्यांतले बहुतेक नोकरी शोधणारे तरुण होते. ज्यांचा धंदा खरोखर चालू होता, ते सगळे मधेच गळाले होते.

त्या वेळी आमच्या अहवालात ‘प्रशिक्षणार्थींमध्ये गांभीर्याचा अभाव’ असे वाक्य जाणार होते. ते लिहिण्याआधी गळालेल्यांपैकी काहींना प्रत्यक्ष भेटावे असे ठरले आणि त्या भेटींत पहिला गाळा या गृहस्थांचा निघाला. मी विचारले, आपण का थांबलात? त्यांनी लेथ बंद न करताच उत्तर दिले, “मॅडम, मी तिकडे बसलो की हा बसतो.” महिन्याला साधारण १ लाख ३० हजारांचे काम आणि सव्वीस कामाचे दिवस, म्हणजे रोजचे ५ हजारांचे काम. हेल्पर होता, पण सेटिंग त्याला येत नव्हते. वर्गाचे पाच दिवस त्यांना २५ हजारांच्या कामाला पडले होते, आणि आम्ही मात्र रोजचा १५० रुपये प्रवासभत्ता दिल्याच्या समाधानात होतो.

वेळेची चूक सुधारायला सोपी होती. खरी चूक त्याच्या खाली होती. या माणसाला धंद्याचे ज्ञान नाही आणि ते आपण द्यायचे आहे, असे आम्ही गृहीत धरले होते. त्या गाळ्यात एक तास उभे राहिल्यावर ते गृहीतक टिकले नाही. कोणत्या बारचे मटेरियल टूल खाते, कोणत्या पार्टीचा माल रिजेक्शनला येतो, मे महिन्यात काम का घटते, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. त्यांच्याकडे नव्हते ते त्यांच्या नावाचे कागद.

कागदांची साखळी

औद्योगिक विकास महामंडळाचा (एमआयडीसीचा) भूखंड भाडेपट्ट्याचा असतो आणि त्यावरील शेडचा भाग दुसऱ्याला चालवायला द्यायचा तर महामंडळाची परवानगी घेऊन पोटभाड्याचे शुल्क भरावे लागते. हे टाळण्यासाठी अनेक भूखंडधारक तोंडी व्यवहार करतात. आमच्या या गृहस्थांचा व्यवहारही तसाच होता. भाडे रोखीने, विजेचे पैसे सबमीटर पाहून मालकाच्या हातात, पावती कशाचीच नाही. सात वर्षे एकाच जागी धंदा करूनही तिथे त्यांचा धंदा आहे असे सांगणारा एकही कागद जगात नव्हता.

मग साखळी सुरू होते. भाडेकरार नाही म्हणून जीएसटी नोंदणीसाठी व्यवसायाच्या जागेचा पुरावा नाही. नोंदणी नाही म्हणून मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद क्रमांक, देत नाही. येथे कायद्याची बाजू सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्याच्या मालावर केलेले जॉबवर्क जीएसटीत सेवा मानले जाते आणि सेवांसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा २० लाखांची आहे. यांची उलाढाल साडेपंधरा लाखांच्या आसपास होती, म्हणजे नोंदणी सक्तीची नव्हती, आणि अनोंदणीकृत जॉबवर्करकडे माल पाठवायला कायद्याची मनाई नाही. तरीही बहुतेक खरेदी विभाग जीएसटी नंबराशिवाय फाइल पुढे सरकवत नाहीत. त्यामुळे हे गृहस्थ एका मधल्या व्हेंडरच्या हाताखाली काम करत होते. बिल त्या व्हेंडरचे, दर त्याचा, पेमेंटची तारीखही त्याचीच. थेट बिल नाही म्हणून बँकेच्या खात्यात उलाढाल दिसत नाही, आणि उलाढाल दिसत नाही म्हणून कर्ज नाही.

आमच्या पत्रकावरच्या अनुदानाचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो आणि अधिवास दाखल्यासाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या सलग वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. यांचे वास्तव्य एकोणीस वर्षांचे, परंतु खोलीचे भाडे नेहमीच रोखीने दिलेले, त्यामुळे पुरावा २०१४ पासूनचाच. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाला अशी अधिवासाची अट नाही, पण ती योजना नव्या उद्योगासाठी आहे, चालू उद्योगासाठी नाही. म्हणजे पहिल्या योजनेसाठी हे पुरेसे जुने नाहीत आणि दुसऱ्या योजनेसाठी पुरेसे नवे नाहीत. वर्गात बसलेल्या चालू धंदेवाल्यांपैकी बहुतेकांची स्थिती हीच होती. त्यांना अनुदानाची आशा दाखवून बोलावणे योग्य नव्हते, आणि दुसऱ्या तुकडीच्या पत्रकावरून आम्ही तो शब्दच काढून टाकला.

नाव लिहिण्याची भीती

कागद करून घेण्याबद्दल आम्ही बोलू लागलो तेव्हा त्यांचा पहिला प्रतिसाद नकाराचा होता. त्यामागे इतिहास आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरोधातील आंदोलनानंतर नाशिकमधून हजारो उत्तर भारतीय कामगार गावी निघून गेले आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांनाही त्याची झळ बसली. हे गृहस्थ त्या वेळी तीन महिने देवरियाला होते. आपले नाव, गाव आणि ठिकाण एखाद्या यादीत लिहिले जाणे ही त्यांच्यासाठी सोय नसते, जोखीम असते, हे वर्गात बसलेल्या व्याख्यात्याला कसे कळावे? आमच्या अर्जावर तर ‘परप्रांतीय उद्योजक नोंदणी’ असेच शीर्षक होते. तो शब्द मीच लिहिला होता, आणि तो लिहिताना मला काहीही खटकले नव्हते, याचे आज वाईट वाटते.

दुसरी आठवण २०२० ची. टाळेबंदीत १ मे रोजी नाशिक रोड स्थानकावरून भोपाळकडे आणि दुसऱ्या दिवशी लखनौकडे श्रमिक गाडी सुटली. यांच्या खोलीतले इतर चौघे गेले. हे मात्र गेले नाहीत. “मशीन इथे आहे, मी कुठे जाऊ?” असे त्यांनी तेव्हा घरी फोनवर सांगितले होते. मजूर आणि उद्योजक यांच्यातला फरक समजावून सांगायला मी आता हेच वाक्य वापरते. ज्याने लेथ घेतला त्याने या गावाशी नाते जोडले आहे. ते नाते कागदावर यावे एवढेच साहाय्य कार्यक्रमाकडून अपेक्षित असते.

पत्नीची वही

प्रकरणाला वळण मिळाले ते एका वहीमुळे. दुसऱ्या भेटीत चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नीला मी सहज विचारले की हिशोब कोण ठेवते. त्यांनी फडताळातून दोनशे पानी वही काढली. डावीकडे तारीख व पार्टीचे नाव, मधे नगांची संख्या, उजवीकडे रक्कम; पैसे आले की त्या ओळीवर लाल पेनाने बरोबरची खूण. पानांच्या कोपऱ्यांवर ऑइलचे अंगठे उमटलेले. ज्या ओळीवर खूण नाही ती ओळ नव्या महिन्याच्या पहिल्या पानावर पुन्हा उतरवलेली होती, म्हणजे येणेबाकीचा तक्ता त्यांनी कोणी न शिकवता तयार केला होता. आमच्या नोंदणी अर्जात या बाईंच्या नावापुढे ‘गृहिणी’ असे लिहिलेले होते.

त्या वहीवरून नऊ महिन्यांचे आकडे आम्ही संगणकावर घेतले. एकूण पाच पार्ट्या. पैकी मधल्या व्हेंडरचे काम महिन्याला सुमारे १४ हजार बुश (धातूची छोटी नळकांडी), दर नगाला ५ रुपये ५० पैसे, म्हणजे ७७ हजार रुपये. पैसे येण्यास सरासरी ११० दिवस. याचा अर्थ कोणत्याही दिवशी सुमारे २ लाख ८० हजार रुपये त्या एका पार्टीकडे अडकलेले. कार्यक्रमात नाव देताना यांनी गरजेच्या रकान्यात काय लिहिले होते, ते मी पुन्हा काढून पाहिले: ‘दुसऱ्या लेथसाठी ३ लाख कर्ज.’ जेवढे मागायचे होते, जवळजवळ तेवढेच पैसे त्यांचे स्वतःचेच बाहेर अडकलेले होते.

हा हिशोब समोर ठेवला तेव्हा दोघे नवरा-बायको बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या म्हणाल्या, “दीदी, हे मला माहीत होतं. पण मागायचं कोणत्या तोंडाने? काम बंद केलं तर?”

काय केले आणि काय बिनसले

सुरुवात उद्यम नोंदणीपासून, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या केंद्र सरकारी नोंदणीपासून केली. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी विनाशुल्क आहे, ती आधार व पॅनवर होते आणि जागेची माहिती स्वयंघोषणेने द्यायची असते, म्हणून भाडेकरारावाचून अडत नाही. प्रत्यक्षात ती दीड महिना अडली, कारण आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक २०१५ साली हरवलेल्या सिमचा होता आणि ओटीपी त्यावर जात होता. क्रमांक बदलून घेण्यासाठी अर्धा दिवस आधार केंद्रावर गेला. बारा दिवसांच्या अभ्यासक्रमात या अर्ध्या दिवसाला कुठेही जागा नव्हती, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक उद्योजकांची गाडी तिथेच अडकलेली आम्हाला पुढे आढळली.

पुढचा टप्पा प्राप्तिकर विवरणपत्राचा. त्या वेळच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली छोट्या व्यावसायिकाला उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा दाखवून सोपे विवरणपत्र भरता येत होते. आम्ही किमान आकडा न दाखवता वहीप्रमाणे खरा नफा दाखवण्याचा सल्ला दिला, कारण बँक उद्या याच कागदावरून परतफेडीची ताकद मोजणार होती.

जागेचा प्रश्न मात्र चार महिने सुटला नाही. भूखंडधारक वयस्कर, स्वभावाने सज्जन. त्यांच्याकडे आम्ही तीनदा गेलो. “करार केला की गाळा गेला, ताई,” हे त्यांचे म्हणणे. परवानगीचे शुल्क अर्धे आम्ही भरतो असेही सांगून पाहिले. त्यांचा नकार कायम राहिला आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. कागद करण्यात त्यांचा काहीच लाभ नव्हता. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये लेथ चुंचाळे भागात खासगी जागेतल्या गाळ्यात हलवला. तेथे नोंदणीकृत करार झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी जागामालकाची आहे, हे नव्या मालकांना माहीत होते, त्यामुळे तिथे वाद झाला नाही. भाडे महिन्याला साडेतीन हजारांनी वाढले. हायड्रा क्रेन, फाउंडेशन, थ्री-फेज जोडणी आणि अनामत यांचा खर्च वेगळा. आमच्याकडे प्रशिक्षणाच्या शीर्षाखाली पैसे शिल्लक होते, पण देणगीदाराच्या नियमांमुळे ते या कामी वळवता आले नाहीत, आणि त्या कुटुंबाला पुन्हा भिशी उचलावी लागली. भिशीला कमी लेखू नये, हेही मला यातून कळले. कॅरिबियन स्थलांतरितांमध्ये जिला ‘सूसू’ म्हणतात ती हीच रीत आहे. जिथे बँक अनोळखी माणसाला ओळखत नाही तिथे ओळखीचे लोक एकमेकांची बँक होतात. कार्यक्रमाने तिच्याशी स्पर्धा न करता, तिच्या हप्त्यांची नोंद परतफेडीचा पुरावा म्हणून बँकेपुढे मांडावी, असे आमचे मत झाले आहे.

फेब्रुवारीत त्यांनी स्वेच्छेने जीएसटी नोंदणी घेतली. त्याच सुमारास एक गोष्ट आपोआप घडली. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हा कायदा अनेक वर्षे कागदावर होता. आयकर कायद्यातील नव्या कलम ४३बी(एच) मुळे २०२३-२४ या वर्षापासून त्याला धार आली, कारण मुदतीबाहेर राहिलेली आणि वर्षअखेरीस न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येईनाशी झाली. व्हेंडरच्या लेखापालाने उद्यम प्रमाणपत्र मागितले, आणि ३१ मार्च २०२४ च्या आत जवळजवळ सगळी थकबाकी खात्यात जमा झाली.

एप्रिलपासून त्या पार्टीने काम देणे बंद केले.

हा भाग मला गाळता आला असता, पण मग हे लेखन खोटे ठरले असते. आम्ही हक्काची जाणीव करून दिली आणि हक्क बजावल्यावर निम्म्याहून अधिक काम गेले, तर त्या काळात कुटुंबाने काय खायचे, याची कोणतीही तजवीज आम्ही केलेली नव्हती. थकबाकीच्या रकमेवर त्यांनी अडीच महिने काढले. या काळात स्वतःचा जीएसटी क्रमांक आणि नमुना नग घेऊन ते सिन्नरच्या माळेगाव वसाहतीत फिरले व दोन पार्ट्यांचे थेट काम मिळवले. जूनमध्ये जुना व्हेंडर परत आला. नग कमी, पण दर ६ रुपये २५ पैसे आणि ४५ दिवसांचा लेखी उल्लेख असलेली ऑर्डर. दुसऱ्या लेथसाठीचे मुद्रा योजनेच्या किशोर गटातील कर्ज, ज्यासाठी तारण लागत नाही, त्यांनी आपणहून पुढे ढकलले. बँकेतील अधिकाऱ्याला याचे नवल वाटले. मला वाटले नाही. वहीत येणेबाकीचा रकाना आखणाऱ्या घराने घेतलेला तो निर्णय होता.

दुसरा आराखडा

या प्रकरणानंतर आम्ही वर्ग जवळजवळ बंद केले आणि गाळाभेटी सुरू केल्या. भेट सायंकाळी सातनंतर किंवा वसाहतीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, एका तासाची, मराठी-हिंदी जशी जमेल तशी, आणि हिशोब ठेवणारी व्यक्ती समोर असल्याशिवाय भेट पूर्ण धरायची नाही. तुकडी तीसऐवजी बारा गाळ्यांची. ज्या पार्टीकडे काम निम्म्याहून जास्त आहे तिच्याशी मुदतीचा विषय काढण्याआधी किमान एक दुसरी पार्टी हाताशी असावी, हा नियम आम्ही एप्रिल २०२४ च्या अनुभवावरून घालून घेतला. जागा बदलण्यासाठी परतफेडीच्या बोलीवर फिरता निधी हवा, यासाठी देणगीदाराकडे पत्रव्यवहार चालू केला.

सर्वांत जास्त चर्चा एका प्रश्नावर झाली: बाहेरून आलेल्यांसाठी वेगळा कार्यक्रम असावा का? माझे उत्तर आता नाही असे आहे. मुळाशी असलेली अडचण गावाची नाही, गाळ्याची आहे. पेठ-सुरगाण्यातून आलेला वेल्डर किंवा जळगावकडचा पावडर कोटिंगवाला तोंडी भाड्यावर बसला असेल, तर अधिवास दाखला खिशात असूनही तो त्याच साखळीत अडकलेला असतो. अडचणीवरून प्रवेश दिला की परप्रांतीय हा शब्द अर्जावरून आपसूक जातो, यादीत नाव येण्याची भीती ओसरते आणि ‘आमच्या पोरांना काय?’ हा स्थानिकांचा रास्त प्रश्नही उरत नाही. अधिवासासारखी जी अडचण खरोखर स्थलांतरिताचीच आहे, तिच्यासाठी भेटीतला अर्धा तास वेगळा ठेवता येतो.

दुसरी तुकडी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू करण्याचे ठरत होते. या गृहस्थांनीच थांबवले. छठ आहे, निम्मे लोक रामकुंडावर असतील आणि निम्मे गावाकडे जाणाऱ्या गोदान एक्सप्रेसमध्ये, असे ते म्हणाले. म्हणून लोक परतल्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली. नोंदणी अर्जाचा पहिला रकाना पूर्वी ‘शिक्षण’ हा होता. आता तेथे ‘गाळ्याचा करार कोणाच्या नावावर आहे’ असे विचारले जाते, आणि दुसऱ्या रकान्यात ‘वही कोण लिहिते’.